चूक कोणाची, सोसलं कोणी



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, "म्हणजे भ्रष्टाचारावर बोलणार का?" त्यांचा प्रश्न साहजिक होता. २०११ साली अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले, आणि तेव्हापासून लोकपाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाच, धाड आणि तुरुंग येतो. मी आज ज्या लोकपालाबद्दल बोलणार आहे तो कोणाला पकडत नाही. त्याच्याकडे पोलीस नाहीत, खटला भरण्याचा अधिकार नाही, दंड करण्याचाही नाही. म्हातारीच्या दारातला कचरा आठ आठवडे उचलला गेला नाही, विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत जी मदत द्यायची ठरली होती ती वर्षभर मिळालीच नाही, शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाला घेतलेली हरकत अधिकाऱ्याच्या अहवालात आलीच नाही, अशा गोष्टी तो पाहतो. इंग्लंडमधला स्थानिक कारभाराचा लोकपाल हे काम १९७४ पासून करतो आहे. त्याच्याकडून आपल्या गावच्या नगरपालिकेला आणि शहरातल्या महानगरपालिकेला घेण्यासारखं पुष्कळ आहे, असं मला मनापासून वाटतं.

माझी बरीच नोकरी एका महानगरपालिकेत, नागरिकांचे अर्ज जिथं येतात त्या टेबलांच्या आसपास गेली. तिथं रोज येणाऱ्या अर्जांत पैसे मागितल्याची तक्रार क्वचित असे. कोणी लक्ष दिलं नाही, कोणी उत्तर दिलं नाही, एका खात्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, फाईल सापडत नाही, साहेब रजेवर आहेत, हेच बहुतेक अर्जांत असायचं. यात चोर कोणी नसतो, पण नागरिकाला सोसावं तेवढंच लागतं. आणि आपल्याकडची अडचण अशी की यात चोर सापडत नाही म्हणून या तक्रारीला वजनच मिळत नाही. मग माणूस वैतागून अर्जात एक ओळ घालतो, 'यात आर्थिक गैरव्यवहार झाल्याचा दाट संशय आहे.' ती ओळ आली की तक्रार उत्तर देण्याची राहत नाही, बचाव करण्याची होते. खातं कागद आवळून धरतं. कचरा तिथंच राहतो.

ब्रिटनमध्ये ही व्यवस्था आली तिच्या मागंही असंच एक लाच नसलेलं प्रकरण होतं. डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाउन नावाची सुमारे ७२५ एकर जमीन आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी विमानातून बॉम्ब टाकण्याच्या सरावासाठी ती सरकारनं घेतली. युद्ध संपल्यावर ती मूळ मालकांना परत न करता शेतकी खात्याकडे गेली. मालकाच्या घरच्यांनी ती विकत मागितली, तर खात्यानं टोलवाटोलवी केली. चौकशी झाली. चौकशीत कोणी पैसे खाल्ल्याचं काही निघालं नाही. निघाली ती अधिकाऱ्यांची बेपर्वाई आणि आपलंच खरं करण्याची वृत्ती. १९५४ साली शेतकी मंत्री सर टॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. पण मंत्री गेला म्हणून पुढच्या माणसाची सोय काय, हा प्रश्न उरलाच. स्वीडनमध्ये १८०९ पासून संसदेनं नेमलेला लोकपाल होता. डेन्मार्कनं १९५५ मध्ये आणि न्यूझीलंडनं १९६२ मध्ये तो आणला. ब्रिटननं १९६७ साली केंद्रीय खात्यांसाठी संसदीय आयुक्त नेमला आणि १९७४ च्या स्थानिक शासन कायद्यानं नगरपालिकांसाठी, त्यांच्याकडच्या भाषेत कौन्सिलांसाठी, वेगळी व्यवस्था केली. २०१७ पासून तिच्या नावात सामाजिक देखभालही आली, कारण वृद्धांच्या आणि अपंगांच्या देखभालीच्या तक्रारीही तिच्याकडे जातात. कामकाजाचं ठिकाण कोव्हेंट्री.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मला स्वतःला धक्का बसला होता. १९७१ चा महाराष्ट्र लोकायुक्त व उपलोकायुक्त कायदा काढून पाहा. त्यात आरोप आणि गाऱ्हाणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. आरोप म्हणजे पदाचा गैरवापर, भ्रष्टाचार. गाऱ्हाणं म्हणजे गैरकारभारामुळे माणसाला झालेला अन्याय किंवा सोसावा लागलेला अवाजवी त्रास. इंग्लंडच्या कायद्यातली कल्पना हुबेहूब हीच आहे. म्हणजे इंग्लंडमधल्या कौन्सिलांना लोकपाल मिळाला त्याच्या तीन वर्षं आधी ही व्याख्या आपल्या विधिमंडळानं मंजूर केली होती. १९७२ च्या ऑक्टोबरात लोकायुक्तांचं कार्यालय सुरूही झालं. प्रत्यक्ष लोकायुक्त काम करू लागलेलं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्रच. तेव्हा कायद्याची उणीव होती असं म्हणता येत नाही. इंग्लंडनं त्या व्याख्येभोवती पन्नास वर्षांत कामाची जी रीत बसवली ती आपल्याकडे बसली नाही. मी आज त्या रीतीबद्दल बोलणार आहे.

लोकपालाकडे तक्रार थेट जात नाही. आधी ती कौन्सिलकडे करायची, आणि कौन्सिलला ती निस्तरायची संधी द्यायची. २०२४ मध्ये लोकपालानं कौन्सिलांसाठी तक्रार हाताळणीची संहिता काढली. तिच्यात दोन टप्पे आहेत. पहिल्याला दहा कामकाजाचे दिवस, दुसऱ्याला वीस. दुसऱ्या टप्प्याचं उत्तर देताना कौन्सिलनं नागरिकाला सांगायचं की समाधान झालं नसेल तर पुढं लोकपालाकडे जा. आपलं उत्तर देतानाच, आपल्याविरुद्ध कुठं जायचं याचा पत्ता द्यायचा. आपल्याकडे 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात आला आहे' या वाक्यावर अर्ज संपतो. अर्जदाराला पुढची पायरी सांगायचं काम आम्ही कधी आमचं मानलं नाही.

पूर्वी तिथंही नागरिकाला स्वतः लोकपालाकडे जाता येत नसे. १९७४ पासून पहिली चौदा वर्षं तक्रार नगरसेवकामार्फतच पाठवावी लागे. लोक परभारे लोकपालाकडे गेले तर आपलं महत्त्व कमी होईल, अशी निवडून आलेल्या सदस्यांना भीती होती. ती भीती आपल्याला परकी नाही. पण ज्या नगरसेवकानं ठराव मंजूर केला त्याच्याच सहीनं त्या ठरावाविरुद्ध तक्रार कशी जाणार? १९८८ च्या कायद्यानं ही अट काढून टाकली.

तक्रार आली की लोकपालाच्या कार्यालयात पहिली चाळणी लागते. घटना कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत तक्रार आली आहे का? तिच्यासाठी दुसरा न्यायाधिकरणाचा रस्ता आहे का? पार्किंगचा दंड असेल तर त्याचं अपील वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातं. स्वतःची बांधकाम परवानगी नाकारली असेल तर त्याचंही अपील वेगळीकडे. तक्रार सगळ्या शहराची आहे की या माणसाची? सगळ्या किंवा बहुतेक रहिवाशांना सारखीच भोवणारी बाब लोकपाल घेत नाही. सगळ्या शहरावर एकसारखी वाढलेली करआकारणी हा निवडणुकीचा, सभागृहाचा विषय आहे असं कायदा मानतो. आलेल्या तक्रारींपैकी मोठा हिस्सा या चाळणीतच थांबतो, आणि त्यामुळे लोक नाराज होतात. मला ही चाळणी काही ठिकाणी फार कडक वाटते. त्रास पुरेसा मोठा नाही म्हणून जी तक्रार परत जाते, ती करणाऱ्या माणसाला तो त्रास लहान वाटलेला नसतो.

चाळणीतून पुढं गेलेली तक्रार एका तपासनिसाकडे येते. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. लोकपालाचे निर्णय २०१३ पासून नाव न देता प्रसिद्ध होतात, आणि ते चाळताना हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. एका बाईंना चालता येत नाही. चाकांचा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेपर्यंत ओढत नेणं त्यांना शक्य नाही. अशांसाठी बहुतेक कौन्सिलांची सोय असते. कर्मचारी घराच्या दाराशी येऊन डबा नेतात, रिकामा करतात आणि परत जागेवर ठेवतात. यादीत बाईंचं नाव आहे. तरी डबा कधी उचलला जातो, कधी नाही. त्या फोन करतात. पलीकडून क्षमा मागितली जाते आणि तक्रार बंद होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी कौन्सिल लेखी कळवते की कर्मचाऱ्यांच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी डबा बाहेर ठेवलेला नव्हता.

इथं तपासनीस काय करतो ते पाहण्यासारखं आहे. बाई खरं बोलतात की कर्मचारी, असा प्रश्न तो घेऊनच बसत नाही. तो कागद मागतो. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना जी यादी दिली होती तिच्यात या घरापुढे खूण आहे का? प्रत्येक फोनची नोंद काय? 'डबा बाहेर नव्हता' असं लिहिणाऱ्याला हे माहीत होतं का की या घराचा डबा बाहेर असणारच नाही, तो दारातून आणायचा आहे? ठेकेदार बदलला तेव्हा जुन्या यादीतली नावं नव्या यादीत आली का? उत्तर बहुतेकदा इथंच सापडतं. म्हणजे चूक कुठं झाली ते कळतं. त्यानंतर दुसरा प्रश्न, त्या चुकीमुळे या बाईंना काय सोसावं लागलं? दारात साठलेला कचरा, पुन्हा पुन्हा फोन, शेजाऱ्याकडे हात पसरावे लागणं. त्यानंतर तिसरा, आता काय केलं म्हणजे ते भरून निघेल? कौन्सिलनं लेखी माफी मागावी, त्रासापोटी थोडी रक्कम द्यावी, आणि पुढचे काही आठवडे पर्यवेक्षकानं या घरची फेरी स्वतः तपासून तिची नोंद ठेवावी. ती नोंद नंतर लोकपाल मागवून पाहतो.

या उत्तरात कर्मचाऱ्याचं नाव येत नाही. तक्रारदार निर्णयात 'मिसेस एक्स' असतात, कर्मचाऱ्याचं नावही गाळलेलं असतं आणि जबाबदार असते ती कौन्सिल. आपल्याकडे अशी तक्रार वर गेली की खालच्या मुकादमाला कारणे दाखवा नोटीस निघते. मुकादम खुलासा देतो, खुलासा फाईलला लागतो, प्रकरण मिटतं. बाईंच्या दारातला डबा मात्र कोणाच्या लक्षातही राहत नाही. शिक्षेमागे धावताना आपण नुकसानीकडे पाठ फिरवतो, असं मी नोकरीत अनेकदा पाहिलं.

ठेकेदाराचा मुद्दा मी मघाशी ओझरता आणला. कायद्यात स्पष्ट आहे की कौन्सिलच्या वतीनं दुसऱ्यानं केलेलं काम हे कौन्सिलचंच काम. कचरा उचलणारी कंपनी असो, वृद्धांची काळजी घेणारी खासगी संस्था असो, चूक झाली तर लोकपाल कौन्सिलला जबाबदार धरतो. कौन्सिलनं ठेकेदाराकडून काय वसूल करायचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. 'हे काम आम्ही ठेक्यानं दिलं आहे, तुम्ही कंपनीशी बोला,' हे उत्तर तिथं चूक म्हणूनच गणलं जातं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात कचरा, दिवाबत्ती, खड्डे, बागा, पाण्याचे टँकर यांतलं किती काम ठेक्यावर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. नागरिकाचा करार ठेकेदाराशी झालेला नाही. त्याची घरपट्टी महानगरपालिकेच्या तिजोरीत जाते, म्हणून उत्तरही महानगरपालिकेनंच द्यायला हवं.

बांधकाम परवानगीची तक्रार जास्त बारीक आहे. कौन्सिलनं शेजाऱ्याला मागच्या बाजूला खोली वाढवायला परवानगी दिली. तुमच्या स्वयंपाकघरातला उजेड जाणार. परवानगी नाकारली असती तर शेजारी अपील करू शकला असता, पण दिली म्हणून तुम्हाला अपील नाही. तेव्हा तुम्ही लोकपालाकडे जाता. लोकपाल तुम्हाला पहिल्यांदाच सांगतो की निर्णय बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही. प्रक्रियेत गैर झालं नसेल तर निर्णयाच्या गुणदोषांत शिरायला कायद्यानंच मनाई केली आहे. मी पाहणार ते इतकंच की निर्णय कसा घेतला. अधिकारी जागेवर गेला होता का? तुमची हरकत त्याच्या अहवालात आली का? उजेडाचा मुद्दा त्यानं तपासला आणि कारण लिहिलं का? हे सगळं झालं असेल आणि तरी परवानगी मिळाली असेल, तर चूक नाही. तुम्हाला ते कितीही टोचलं तरी नाही.

समजा हरकत अहवालात आलीच नाही. मग चूक आहे. पण तपासनीस लगेच पुढचं विचारतो, ती आली असती तर निर्णय बदलला असता का? नियमात बसणारं बांधकाम असेल तर कदाचित नसता. मग तुमचं नुकसान उजेड गेल्याचं धरलं जात नाही. आपलं म्हणणं ऐकलं गेलं की नाही ही रुखरुख, एवढंच नुकसान ठरतं, आणि भरपाईही त्याच मापाची. ऐकणाऱ्याला हे कोरडं वाटेल. मला यात फार मोठी प्रामाणिकता दिसते. चूक झाली की मोठी रक्कम द्या असं नाही, आणि परिणाम तोच राहिला म्हणून चूक झालीच नाही असंही नाही. दोन्ही वेगळी मोजायची, आणि दोन्ही कागदावर यायला हवीत.

माप कसं धरायचं याचं मार्गदर्शनही लोकपालानं छापून ठेवलं आहे. मूळ तत्त्व असं की चूक झाली नसती तर माणूस जिथं असता, शक्य तितकं त्याला तिथं नेऊन ठेवायचं. ते शक्य नसेल तिथं रक्कम. विशेष गरजा असलेल्या मुलाची शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची योजना मागणी झाल्यापासून वीस आठवड्यांत पक्की व्हायला हवी असा कायदा आहे. ती मुदत चुकणं, आणि योजनेत लिहिलेली मदत प्रत्यक्षात न मिळणं, या अलीकडच्या वर्षांतल्या सर्वांत जास्त तक्रारींपैकी आहेत. मुलाचं शिक्षण बुडालं तर शाळेच्या दर सत्रामागे साधारण ९०० ते २,४०० पौंड असं माप मार्गदर्शनात आहे. मुलाच्या गरजा किती गंभीर, त्या काळात थोडं तरी शिक्षण मिळालं का, शाळा बदलण्याचं वर्ष होतं का, यावर रक्कम वरखाली होते. बुडालेलं सत्र पैशानं परत येत नाही हे लोकपालालाही कळतं. म्हणून ती रक्कम मुलाच्या शिक्षणासाठी वापरावी अशी अपेक्षा असते.

निर्णयाचा मसुदा आधी दोन्ही बाजूंना जातो. यात काही चुकीचं आहे का, काही राहिलं का, असं विचारलं जातं. मग अंतिम निर्णय. तक्रार काय होती, आमचा अधिकार किती, आम्ही काय पाहिलं, काय आढळलं, कौन्सिलनं काय करायचं मान्य केलं, अशा क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत तो असतो. मी पाहिलेले बहुतेक निर्णय थोड्या पानांचे आहेत. भाषा इतकी सरळ की जिच्या दारात कचरा साठला होता ती बाई ते स्वतः वाचून समजू शकते. कार्यालयीन टिपणी लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यानं त्यापुढे मान झुकवावी.

आता तुमच्यातले वकील विचारतील, हे सगळं ठीक, पण बंधनकारक आहे का? नाही. कागद मागवणं, साक्षीला बोलावणं याबाबत लोकपालाला उच्च न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी तो शिफारस करतो. तरी ९९ टक्क्यांहून अधिक शिफारशी कौन्सिला पाळतात. का पाळतात? एक कारण असं की शिफारस बहुधा आधी मान्य करून घेतलेली असते. दुसरं, न मानल्यास लोकपाल जाहीर अहवाल काढतो. कौन्सिलला तो सदस्यांपुढे ठेवावा लागतो, तीन महिन्यांत त्यावर काय करणार ते कळवावं लागतं, आणि अहवाल पाहायला उपलब्ध आहे अशी जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते. तरी ऐकलं नाही तर पुढचा अहवाल निघतो. आणि दर वर्षी प्रत्येक कौन्सिलच्या नावानं एक पत्र जातं. किती तक्रारी तपासल्या, कितींमध्ये चूक आढळली, शिफारशी वेळेत पाळल्या का, हे त्यात असतं, आणि ते पत्र सगळ्यांना वाचायला खुलं असतं. अलीकडे तपासाअंती साधारण दहांतल्या आठ तक्रारींत कौन्सिलची चूक निघते. हा आकडा मला अस्वस्थ करतो. तक्रार इथवर येण्याआधी दोनदा कौन्सिलच्या हातात होती, आणि दोन्हीदा ती निसटली.

मोठ्या प्रकरणात हे कसं चालतं त्याचं उदाहरण म्हणजे शेफील्ड शहरातली झाडं. २०१२ साली तिथल्या कौन्सिलनं रस्त्यांच्या देखभालीचा पंचवीस वर्षांचा ठेका एका कंपनीला दिला. रस्ते नीट करताना कडेची हजारो झाडं तोडायला सुरुवात झाली. लोक रस्त्यावर आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाचच्या सुमारास पोलिसांच्या बंदोबस्तात झाडं तोडली. विरोध करणाऱ्या निवृत्त बायकांना अटक झाली. झाड तोडणं हा शेवटचा उपाय आहे, आधी आम्ही इतर तांत्रिक उपाय करून पाहतो, असं कौन्सिल जाहीरपणे सांगत होती. तक्रार लोकपालाकडे गेली. २०२० च्या अहवालात त्यांनी ठरवलं की या बाबतीत कौन्सिलनं लोकांची दिशाभूल केली, आणि स्वतःच नेमलेल्या स्वतंत्र मंडळाच्या सल्ल्याबाबत ती पारदर्शी वागली नाही. कौन्सिलला माफी मागावी लागली. पुढं वेगळी सार्वजनिक चौकशी झाली, तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. तोडलेली झाडं परत आली नाहीत. पण रस्त्यात उभ्या राहिलेल्या लोकांना कौन्सिलची माणसं जे सांगत होती ते खरं नव्हतं, हे एका स्वतंत्र कार्यालयानं कागद पाहून लिहून दिलं. ते नसतं तर ही माणसं विकासाच्या आड येणारी हटवादी म्हणूनच शहराच्या आठवणीत राहिली असती.

या व्यवस्थेत दोषही आहेत. २०१३ पासून कौन्सिलच्या भाडेकरूची घराच्या दुरुस्तीची तक्रार गृहनिर्माणाच्या वेगळ्या लोकपालाकडे जाते. बेघर म्हणून कौन्सिलनं मदत केली नाही, ही तक्रार मात्र इथं येते. ओल आलेल्या घरात राहणाऱ्या आणि घर बदलून मागणाऱ्या माणसाला आपण कोणाकडे जायचं हे कळत नाही. निकालाला महिने लागतात. आणि वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड यांच्या व्यवस्था पुन्हा निराळ्या.

आपल्याकडे पाहू. लोकशाही दिन आहे, आपले सरकार हे पोर्टल आहे, महापालिकांची ॲप आहेत. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला, परवाना, नोंद अशा अर्ज करून मिळणाऱ्या सेवांना तो उपयोगी आहे, आणि मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात दंडही आहे. पण कचरा उचलला जाणं ही अर्ज करून मिळणारी सेवा नाही. वीज ग्राहकांसाठी मात्र तक्रारीची अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट आपण करून दाखवलीच आहे. आधी कंपनीकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, मग मुंबईत किंवा नागपूरला विद्युत लोकपालाकडे, आणि सेवेचं प्रमाण चुकलं तर ग्राहकाला भरपाई, हे २००३ च्या वीज कायद्याखाली चालतं. केरळनं पंचायती आणि नगरपालिकांसाठी वेगळा लोकपाल १९९९ च्या दुरुस्तीनं कायद्यात आणला. आधी सात सदस्यांचं मंडळ होतं, नंतर एकच सदस्य झाला. तेराव्या वित्त आयोगानंही स्थानिक संस्थांच्या कामगिरी अनुदानासाठी स्वतंत्र लोकपालाची अट घातली होती. म्हणजे वाट कोणाला माहीत नाही असं नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका ओळखीच्यांनी तुंबलेल्या गटाराची तक्रार ॲपवर केली. तिसऱ्या दिवशी 'निवारण झाले' असा संदेश आला, सोबत स्वच्छ गटाराचा फोटो. फोटो दुसऱ्या गल्लीतला होता, मागं दुसऱ्याच दुकानाची पाटी दिसत होती. त्यांनी पुन्हा तक्रार केली, तर तिला नवा क्रमांक मिळाला आणि जुनी 'निवारण झालेली' म्हणून आकडेवारीत जमा झाली. कार्यालयाच्या हिशेबानं त्या महिन्यात एक काम जास्त झालं! ही फसवणूक एखाद्या वाईट माणसानं केली असं मी मानत नाही. वेळेत तक्रार बंद करा एवढंच ज्याला मोजून दाखवायचं आहे, तो बंद करतो. म्हणून मी महानगरपालिकांना नव्या कायद्याची वाट न पाहता तीन गोष्टी करायला सांगेन. तक्रारदाराच्या संमतीशिवाय तक्रार बंद करू नका. उत्तरात पुढच्या अपिलाचा पत्ता द्या. आणि ज्या तक्रारी खऱ्या निघाल्या त्यांत काय चुकलं, काय केलं, हे नाव गाळून छापा आणि स्थायी समितीपुढे ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो, कारण इंग्लंडच्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद तीच आहे. एका तक्रारीचा तपास करताना तीच चूक दुसऱ्या कोणालाही भोवली असावी असं दिसलं, तर त्या न आलेल्या माणसांकडेही लोकपाल पाहू शकतो. उदाहरणार्थ, बेघर झालेल्या, मुलं असलेल्या कुटुंबाला लॉजसारख्या जागेत सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा तिथं नियम आहे. एका कुटुंबानं तक्रार केली की आम्ही तिथं महिनोन्‌महिने पडून आहोत. तपासात दिसलं की असं हे एकच कुटुंब नाही. मग लोकपाल कौन्सिलला सांगतो की तुमच्या नोंदी काढा, याच काळात आणखी किती कुटुंबं मुदतीपलीकडे राहिली ती शोधा, आणि त्यांनाही तोच न्याय द्या. त्या कुटुंबांतल्या कोणीही अर्ज केलेला नसतो. कोणाला इंग्रजी लिहिता येत नसतं, कोणाला तक्रार केली तर घर मिळणार नाही अशी भीती असते, कोणाला लोकपाल आहे हेच माहीत नसतं. आमच्या क्षेत्रीय कार्यालयांतही एखादी तक्रार खरी निघाली की आवक नोंदवही उघडून त्या गल्लीतली बाकीची घरं तपासता येतील. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. नोंदवही टेबलावरच असते.